गुलाल-बुक्का आणि त्वचेची निगा

फाल्गुन लागला की बुलढाणा जिल्ह्यातील डोंगरउतारांवर पळस फुलतो. खामगावहून बोथ्याच्या जंगलातून बुलढाण्याकडे येताना पाने झडलेली आणि केवळ केशरी फुलांनी लगडलेली ही झाडे यात्रेकरूंच्या दृष्टीस पडल्याशिवाय राहत नाहीत. एके काळी गावोगावच्या रंगाचे मूळ हेच झाड होते. आज रंग दुकानातून येतो, पुडीतून येतो. पुडीवर नाव गुलालाचेच असते. परंतु आत नेमके काय आहे, हे बहुधा विकणाऱ्यासही ठाऊक नसते.

पळस फुलण्याचा काळ हाच यात्रेचाही काळ होय. माघ वद्य सप्तमीस शेगाव येथे श्री गजानन महाराजांचा प्रगट दिन साजरा होतो. त्यानंतर होळी, धुळवड व रंगपंचमी येते आणि पाठोपाठ चैत्र शुद्ध नवमीस रामनवमी. पुढे पालख्या पंढरीकडे निघतात, आणि आश्विनात देऊळगाव राजा येथे श्री बालाजी महाराजांची यात्रा भरते. मुहूर्त कोणताही असो, टाळ-मृदंगाच्या गजरात गुलाल उधळला जातो आणि वारकऱ्याच्या कपाळी बुक्का लागतो. धुळवडीच्या दिवशी रंग नको असल्यास मनुष्य घरात बसू शकतो. देवाच्या दारी मात्र गुलाल नाकारण्याची रीत नाही. तो प्रसाद म्हणून येतो, अनोळखी हाताने लागतो, आणि भाविक मस्तक लववून त्याचा स्वीकार करतो. श्रद्धेने स्वीकारलेल्या त्या चिमटीत कोणते द्रव्य आहे, याची चौकशी कोणी करीत नाही. म्हणूनच गुलालापासून त्वचेचे रक्षण हा विषय यात्रेकरूने घरून निघण्यापूर्वीच समजून घेतलेला बरा.

गुलालात काय असते

पूर्वीच्या गुलालाचा पाया आरारूट, शिंगाडा, तांदूळ अथवा मका यांच्या बारीक पिठाचा असे. त्यास वनस्पतीचा रंग दिला जाई. हळदीवर चुन्याची क्रिया झाली म्हणजे ती लाल होते, हे घरोघरच्या स्त्रियांना माहीत होते. कुंकू त्याच रीतीने तयार होत असे. बुक्का हा काळा व सुगंधी. त्यात कोळशाची पूड आणि सुवासिक द्रव्ये असत.

स्वस्त गुलालात पिठाच्या जागी खडूची भुकटी, शंखजिरे, क्वचित बारीक वाळूही येते. रंग कापड, कागद अथवा चामडे रंगविण्यासाठी तयार झालेला असतो. गर्द गुलाबीसाठी ऱ्होडामाइन, हिरव्यासाठी मॅलॅकाइट ग्रीन, पिवळ्यासाठी ऑरामाइन अशी ही कारखानी द्रव्ये होत. त्यांपैकी एकही मानवी अंगासाठी केलेले नाही. चकाकीसाठी अभ्रकाचा अथवा काचेचा चुरा मिसळला जातो. अभ्रकाचे व काचेचे कण कडांनी धारदार असतात. ते त्वचेवर चोळले गेले की डोळ्यांना न दिसणारे असंख्य ओरखडे उठतात आणि त्या ओरखड्यांतून रंग आत शिरतो. रंगांच्या तपासलेल्या नमुन्यांत शिसे व क्रोमियम यांसारखे धातूही वेळोवेळी आढळले आहेत.

या गोष्टीचे गांभीर्य २०१२ च्या धुळवडीला मुंबईने पाहिले. धारावी परिसरात रंग खेळल्यानंतर उलट्या, चक्कर व त्वचेची आग यांमुळे शेकड्याहून अधिक लोकांना सायन येथील रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यांत बहुतांश मुले होती आणि एका तेरा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. इतका भयंकर प्रसंग नेहमी घडत नाही. खाज, पुरळ, डोळ्यांची लाली व चेहऱ्यावर राहणारे काळे डाग हे मात्र दरवर्षीचे आहे.

गुलालाची पारख घरी थोडीफार करता येते. चिमूटभर गुलाल दोन बोटांत चोळावा. चांगला गुलाल पिठासारखा मऊ लागतो; खरखर लागल्यास वाळू अथवा चुरा समजावा. उन्हात धरून पाहावा. त्यात चमचम दिसल्यास तो अंगास लावू नये. रॉकेलसारखा अथवा औषधी उग्र वास येत असल्यास पुडी परत करावी. तथापि शिसे वा क्रोमियम बोटाला लागत नाही आणि नाकालाही कळत नाही, हे ध्यानात असू द्यावे. पुडीवर ‘हर्बल’ असा शब्द छापलेला असला म्हणून समाधान मानू नये. तो शब्द छापण्यास शाई पुरते.

त्रास त्याच दिवशी दिसतो असे नाही

रंगामुळे त्वचेला होणारा त्रास दोन प्रकारचा असतो, आणि त्यांतील भेद न कळल्यामुळे पुष्कळ भाविक फसतात.

पहिला प्रकार सरळ आहे. तीव्र द्रव्य त्वचेस लागले, घामाने ओले झाले आणि तेथे आग होऊ लागली. हे काही मिनिटांत अथवा काही तासांत घडते. लालसरपणा, चुरचुर, कधी बारीक फोड दिसतात. कारण समोरच असल्याने मनुष्य लगेच अंग धुतो आणि बहुधा एक-दोन दिवसांत आराम पडतो.

दुसरा प्रकार अ‍ॅलर्जीचा होय. यात शरीर त्या द्रव्यास शत्रू मानते आणि त्याचा प्रतिकार करते; परंतु या प्रतिकारास वेळ लागतो. एक दिवस, दोन दिवस, कधी तीन दिवसही जातात. शेगावला सप्तमीस गुलाल लागला, भाविक रात्रीच्या गाडीने गावी परतला, आणि नवमीच्या सकाळी कपाळावर, मानेवर, कानामागे खाजरे पुरळ उठले, असे घडते. तोवर गुलाल विस्मरणात गेलेला असतो. घरातील मंडळी प्रवासातील जेवणास, धर्मशाळेच्या पाण्यास किंवा उन्हाला दोष देतात. पुढच्या यात्रेत तोच गुलाल पुन्हा लागतो आणि या खेपेस पुरळ अधिक लवकर व अधिक जोराने येते, कारण शरीराने ते द्रव्य ओळखून ठेवलेले असते. यात्रेहून परतल्यावर तीन-चार दिवसांत अंगावर काही उठले, तर डॉक्टरांना गुलालाची गोष्ट आवर्जून सांगावी.

कपाळावर रोज कुंकू अथवा गंध लावणाऱ्यांच्या बाबतीत याच अ‍ॅलर्जीचे एक संथ रूप दिसते. खाज फारशी येत नाही. परंतु टिळ्याच्या जागी त्वचा हळूहळू काळवंडते. कुंकवातील कृत्रिम रंगाने होणारा हा विकार भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या चांगल्या परिचयाचा आहे. तो डाग झाकण्यासाठी टिळा अधिकाधिक मोठा होत जातो आणि डागही त्याच्यासोबत वाढतो.

आपल्याकडील गव्हाळ व सावळ्या त्वचेचा आणखी एक स्वभाव आहे. तिच्यावरील दाह शमला तरी त्या जागी काळसर छटा काही महिने राहते. ही छटा हा रोग नव्हे; दाहाची ती खूण असते. उन्हापासून जपल्यास ती सावकाश फिकट होते. ती घालविण्यासाठी चोळणे, घासणे किंवा लिंबू लावणे असे उपाय केले की ती अधिक गडद होते.

केसांना काळा कलप लावल्यावर ज्यांच्या डोक्याला किंवा कपाळाला पूर्वी खाज सुटली असेल, त्यांनी रंगांपासून विशेष जपावे. कलपातील द्रव्य आणि कित्येक कृत्रिम रंग हे रसायनांच्या जवळच्या कुळांतील आहेत. एकाची अ‍ॅलर्जी असलेल्यास दुसऱ्याचीही होऊ शकते. इसब, सोरायसिस अथवा मुरुमांची पुटकुळी असलेल्यांची त्वचा आधीच दुबळी असते. दमेकऱ्यांनी उधळणीपासून दूर उभे राहावे आणि नाकातोंडावर स्वच्छ सुती रुमाल बांधावा. गर्भवती स्त्रियांनी गर्दीतील रंग टाळावा हे उत्तम.

निघण्यापूर्वी

त्वचा स्वतःच एक भिंत आहे. तिच्या वरच्या थरातील मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्या मधल्या फटी स्निग्धांशाने बुजलेल्या असतात. ही भिंत अखंड असेल तर बराचसा रंग बाहेरच राहतो. तेव्हा पहिली काळजी ती भिंत आदल्या दिवशी न पाडण्याची घ्यावी. मंदिरात जायचे म्हणून पुरुष पहाटे दाढी करतात. वस्तऱ्याने अथवा ब्लेडने चेहऱ्यावर सूक्ष्म छेद पडतात आणि तासाभरातच त्यांवर गुलाल बसतो. दाढी एक दिवस आधी उरकावी. स्त्रियांनीही भुवया कोरणे अथवा अंगावरील केस काढणे दोन-तीन दिवस आधीच करावे.

याच कारणास्तव लहान मुलांच्या जावळाकडे लक्ष द्यावे लागते. अनेक कुटुंबे यात्रेतच जावळ काढतात अथवा नवसाचे मुंडण करतात. नुकत्याच मुंडलेल्या कोवळ्या डोक्यावर कौतुकाने मूठभर गुलाल टाकण्याची हौस आजोबा-मामांना आवरत नाही. बाळाची त्वचा मोठ्यांच्या त्वचेपेक्षा पातळ असते आणि वजनाच्या मानाने तिचे क्षेत्र अधिक असते. त्यामुळे जे शोषले जाते ते बाळास अधिक बाधते. जावळ काढल्यावर डोके स्वच्छ पाण्याने धुऊन किंचित खोबरेल लावावे, वर मऊ सुती टोपडे बांधावे आणि गुलाल त्या टोपड्यास लावावा. देवाचा प्रसाद टोपड्यावर लागला तरी तो बाळालाच पोहोचतो.

मोठ्यांनी दर्शनास निघण्याच्या अर्धा तास आधी चेहरा, मान, कानांच्या पाळ्या, कानामागील जागा आणि हात यांना शुद्ध खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवावा. पातळ हा शब्द महत्त्वाचा आहे. अंग तेलाने निथळू लागले की उधळलेला गुलाल व रस्त्यावरची धूळ त्यावर लेपासारखी चिकटते आणि घामासोबत तासन्‌तास तशीच राहते. शिवाय काही रंग पाण्यात नव्हे तर तेलातच विरघळतात. तेल हे चिलखत नव्हे. धुताना रंग लवकर सुटावा म्हणून दिलेला तो अस्तराचा हात आहे. ओठ, नाकपुड्यांच्या कडा आणि नखांभोवतीची त्वचा यांस पेट्रोलियम जेली लावावी. नखे कापलेली असावीत. कारण नखाखाली अडकलेला रंग जेवताना पोटात जातो. केसांनाही तेल लावून ते बांधून घ्यावेत आणि वर टोपी, फेटा, उपरणे अथवा पदर घ्यावा.

वस्त्राविषयी वारकऱ्यांची जुनी रीतच योग्य ठरते. धोतर, सदरा, टोपी आणि उपरणे, तेही सुती. स्त्रियांनी लांब बाह्यांचे पोलके व सुती साडी वापरावी. नायलॉन, पॉलिएस्टरचे कापड घाम शोषत नाही. ओला रंग कापड व अंग यांच्यामध्ये साचतो आणि काखेत, कमरेच्या घडीत, मानेच्या वळीत दाह होतो. डोळ्यांत काँटॅक्ट लेन्स घालणाऱ्यांनी त्या दिवशी साधा चष्मा वापरावा, कारण रंगाचा कण लेन्सखाली अडकला की अश्रूंनी वाहून जात नाही. पायी चालून आलेल्यांच्या तळपायांना फोड असतात, टाचांना भेगा असतात. गुलालाने भरलेल्या फरशीवर अनवाणी उभे राहण्यापूर्वी फुटलेल्या फोडावर स्वच्छ पट्टी बांधलेली असावी.

दर्शनाच्या वेळी

कोणी गुलाल लावण्यास पुढे आल्यास दोन्ही हात जोडून मस्तक पुढे करावे. हात जोडलेला आणि मस्तक लवलेला मनुष्य पाहिला की समोरचाही सहसा चिमटीनेच कपाळास लावतो. गाल व डोळे वाचतात. गुलाल लावणाऱ्यानेही चिमटीनेच लावावा. तोंडावर मूठ मारणे ही भक्ती नव्हे. उधळण सुरू होताच डोळे व तोंड मिटून मान खाली घालावी. ओला रंग लागल्यास तो उन्हात वाळू देऊ नये. माघात हवा सुसह्य असते. परंतु रामनवमीपर्यंत शेगाव-खामगाव परिसरात पारा चाळिशीच्या घरात जातो. ऊन, घाम आणि रंग हे तिन्ही एकत्र आले की निरुपद्रवी वाटणारा रंगही झोंबू लागतो.

यापेक्षा मोठा धोका त्वचेला आगीचा आहे आणि त्याविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. मक्याचे अथवा आरारूटचे पीठ भांड्यात ठेवले असता सहज पेटत नाही. तेच पीठ हवेत धुरासारखे पसरले की प्रत्येक कणाभोवती हवा खेळते आणि एखादी ज्योत मिळताच सर्व कण एकदम भडकतात. पिठाच्या गिरण्यांतून व साखर कारखान्यांतून असे स्फोट झालेले आहेत. गुलाल जितका शुद्ध पिठाचा, तितका हा धोका अधिक, ही यातील विसंगती भाविकांनी जाणून घ्यावी.

उज्जैनच्या श्री महाकालेश्वर मंदिरात २५ मार्च २०२४ रोजी, धुळवडीच्या पहाटे भस्मआरती चालू असता गुलाल उधळला गेला. आरतीच्या ज्योतीमुळे गर्भगृहात भडका उडाला. पुजारी व सेवक मिळून चौदा जण भाजले आणि त्यांतील एक वयोवृद्ध सेवक पुढे उपचार चालू असताना दगावले. त्यानंतर त्या मंदिरात रंग आणण्यावर बंधने आली. त्याच वर्षी २३ नोव्हेंबर रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील महागाव येथे निवडणुकीच्या विजयी मिरवणुकीत स्त्रिया औक्षण करीत होत्या. वरून ओतलेला गुलाल ताटातील निरांजनांवर पडला आणि आगीचा लोळ उठून अनेक जण होरपळले. तैवानमध्ये २७ जून २०१५ रोजी एका जलक्रीडा उद्यानात मक्याच्या पिठाचा रंग उधळत असता तो पेटला. सुमारे पाचशे लोक भाजले आणि पंधरा जणांचा अंत झाला. तिन्ही ठिकाणी उधळण करणाऱ्यांच्या मनात आनंदाखेरीज काही नव्हते.

तेव्हा आरती, औक्षण, कापूर, उदबत्ती व समई जेथे असेल तेथे गुलाल कदापि उधळू नये. आरती संपून ज्योत शांत झाल्यावर आणि मोकळ्या अंगणातच उधळण करावी. गाभारा व सभामंडप ही बंदिस्त जागा असते. तेथे गुलाल केवळ चिमटीने वाहावा. फवाऱ्याच्या नळकांड्यांनी, पंख्याने किंवा यंत्राने गुलाल उडविणे टाळावे. कोणाच्या वस्त्राने पेट घेतल्यास त्यास धावू देऊ नये. जमिनीवर झोपवून जाड सुती चादरीने अथवा घोंगडीने ज्योत विझवावी. भाजलेल्या जागेवर वाहते थंड पाणी वीस मिनिटे धरावे, अंगठ्या व बांगड्या सूज येण्यापूर्वी काढून घ्याव्यात आणि स्वच्छ सुती कापडाने जागा झाकून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बर्फ, हळद, दात घासण्याचे मलम वा शाई लावू नये. अंगाला चिकटलेले कापड ओढून काढू नये.

रंग धुताना

त्वचेचे निम्मे नुकसान रंग लावताना होते आणि निम्मे तो काढताना. भाविक मुक्कामी परततो, पुढच्या गाडीची घाई असते, आणि लाल झालेला चेहरा घेऊन गावी जाण्याचा संकोच वाटतो. मग साबणाची वडी, घासणी, मीठ, लिंबू, कोणी तर रॉकेलही जवळ करतो.

प्रथम कोरडा गुलाल कोरडाच झटकावा. केस मोकळे सोडून मान खाली करून झाडावेत, चेहरा मऊ सुती कापडाने हलकेच टिपावा. कोरडी भुकटी प्रथम पाण्यात भिजविली की तीच रंग होऊन मुरते. त्यानंतर डोळे मिटून भरपूर थंड पाणी घ्यावे; गरम पाणी नको. उरलेल्या रंगावर पुन्हा थोडे खोबरेल तेल लावून पाच मिनिटे थांबावे, कापसाने पुसावे आणि मग सौम्य साबणाने एकदाच धुवावे. बेसन दुधात किंवा दह्यात कालवून हलक्या हाताने लावण्यास हरकत नाही. ते चोळून काढू नये, भिजवून धुऊन टाकावे. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचेवर भाजल्यासारखे फोड येतात व नंतर काळे डाग पडतात. रॉकेल, पेट्रोल, थिनर, स्पिरिट व कपडे धुण्याची भुकटी ही त्वचेच्या भिंतीतील स्निग्धांशच विरघळवून टाकतात.

येथे या जिल्ह्याच्या पाण्याविषयी दोन शब्द लिहावे लागतात. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद व नांदुरा या तालुक्यांचा बराच भाग पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येतो. अकोला व अमरावती जिल्ह्यांतही तो पसरलेला आहे. येथील विहिरी व कूपनलिकांचे पाणी खारट असते. असल्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. साबणाचा पांढरा चिकट साका त्वचेवर राहतो. फेस येत नाही म्हणून बाहेरगावचा यात्रेकरू पुन्हा पुन्हा साबण लावतो. निरोगी त्वचा किंचित आम्ल असते आणि साबण अल्कधर्मी. चार वेळा साबण, वर खारे पाणी, आणि त्यानंतर प्रवासातील कोरडा वारा. चेहरा ताणल्यासारखा वाटू लागतो, पांढुरका पडतो, खाज सुटते आणि दोष सगळा गुलालावर जातो. अशा ठिकाणी साबण एकदाच वापरावा आणि शेवटचा तांब्याभर पाण्याचा हबका नळाच्या गोड्या अथवा पिण्याच्या पाण्याचा घ्यावा. चेहरा टिपून तो किंचित ओलसर असतानाच पुन्हा तेलाचा अथवा साध्या क्रीमचा हात फिरवावा. एक बाटली पाणी एवढ्या कामास पुरते.

इतके करूनही कपाळावर गुलाबी झाक राहिली तर ती राहू द्यावी. रंगलेला तो थर मृत पेशींचा असतो. आठ-दहा दिवसांत तो आपोआप गळून पडतो.

डोळ्यात गुलाल गेल्यास डोळा चोळू नये. स्वच्छ पिण्याच्या पाण्याची संथ धार निदान पंधरा मिनिटे डोळ्यात सोडावी आणि मधूनमधून पापणी उचलावी. मध, तूप, गुलाबपाणी, आईचे दूध असे काही घालू नये. पाण्याने धुतल्यावरही खुपत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा अंधूक दिसत असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. चुन्याचा अंश असलेला रंग डोळ्यास फार घातक असतो. तेथे पाण्याची धार सुरू करण्यात एक मिनिटही दवडू नये.

अंगावरील पुरळ पसरत चालले, फोडांतून पाणी येऊ लागले, चेहरा अथवा पापण्या सुजल्या, ताप आला तर घरगुती उपायांत वेळ न घालविता जवळच्या शासकीय रुग्णालयात जावे. ओठ व जीभ सुजून श्वास लागत असेल तर ती तातडीची वेळ समजावी. औषधाच्या दुकानातून खाजेची मिश्र मलमे परस्पर आणण्याची सवय मात्र सोडावी. त्यांतील पुष्कळ मलमांत स्टिरॉइड असते. त्याने दोन दिवस बरे वाटते. पण चेहऱ्यावर ते महिनोन्‌महिने वापरल्यास त्वचा पातळ होते, लाली कायमची बसते आणि बुरशीचा संसर्ग वाढतो. अशी अनेक मलमे २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच देण्याच्या औषधांत मोडतात. डॉक्टरांकडे जाताना गुलालाची उरलेली पुडी सोबत न्यावी. निदानास तिचा उपयोग होतो.

घरचा रंग

ज्यांना देवासाठी व मुलांसाठी घरीच रंग करावयाचा असेल त्यांना पळसाइतका सुलभ मार्ग नाही. ज्ञानगंगा आणि अंबाबरवा ही अभयारण्ये असल्याने तेथील फुले तोडू नयेत. बांधावरच्या व रस्त्याकडेच्या झाडांखाली पहाटे पडलेला सडा पुरेसा असतो. फुले निवडून, देठ व माती काढून, एकदा धुऊन घ्यावीत. रात्री मोठ्या पातेल्यात पाण्यात भिजत घालावीत अथवा एक उकळी आणून झाकून ठेवावीत. सकाळी पाणी केशरी होते. ते दुपदरी फडक्यातून गाळावे. रंग गडद करण्यासाठी काही जण त्यात चुना टाकतात. मुलांसाठी करावयाचा असल्यास चुना टाकू नये, फिका केशरी रंगच चांगला. कोरडा रंग हवा असल्यास आरारूटात हे पाणी थोडे थोडे शिंपडून मळावे, सावलीत वाळवावे, हाताने कुस्करावे आणि मलमलीतून चाळावे. हळद मिसळावयाची झाल्यास घरी कुटलेली अथवा खात्रीची घ्यावी, कारण सुट्या हळदीतही कृत्रिम पिवळा मिसळला जातो.

वनस्पतीचा रंग असला तरी एखाद्यास त्याचीही अ‍ॅलर्जी होऊ शकते. दोन दिवस आधी कोपराच्या आतल्या बाजूस रुपयाएवढ्या जागी तो लावून पाहावा. खाज अथवा लाली न आल्यास वापरावा. पिठाचा गुलाल घरचा असला तरी आगीविषयी वर दिलेल्या सर्व सूचना त्यासही लागू आहेत. गाळलेले पळसाचे पाणी त्याच दिवशी संपवावे. उन्हाळ्यात ते रात्रीतून आंबते, त्यास वास सुटतो आणि असले पाणी अंगावर घेतल्यास पुरळ येते. उरलेले पाणी व चोथा तुळशीच्या अथवा अंगणातील झाडाच्या बुंध्याशी घालावा.